शबलचा नैवेद्य

गुरुवार, २ फेब्रुवारी २००६. माघ शुद्ध पंचमी.

आजपासून या घरात दोन जीव: एक मी आणि एक कुत्रा. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही; परंतु दोघेही वेळेचे पक्के असल्यामुळे निभेल असे वाटते.

चिरंजीव आमोद, सूनबाई पद्मजा आणि नात अवनी यांची गाडी दुपारी बारा वाजता मुंबईच्या विमानतळाकडे निघाली. हिंजवडीच्या कंपनीने आमोदला आठ आठवड्यांसाठी अमेरिकेस पाठविले आहे आणि या खेपेस त्याने कुटुंब सोबत नेले. परतणार पाडव्याला. तोवर त्यांच्या औंधच्या घराला कुलूप, आणि कुत्रा माझ्याकडे, शुक्रवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर.

कुत्रा गावठी आहे. हिंजवडीला एका बांधकामावर वाळूच्या ढिगात तो अवनीला दोन वर्षांपूर्वी सापडला. पांढऱ्या अंगावर काळे-तांबूस ठिपके. नाव 'पिक्सेल'. "बाबा, पिक्सेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा ठिपका," आमोदने समजावले. ठिपक्याला ठिपका म्हणण्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण मला उमगले नाही. मी त्याला शबल म्हणतो. शबल म्हणजे चित्रविचित्र रंगांचा. यमधर्माच्या दारी जे दोन श्वान आहेत त्यांपैकी एकाचे हे नाव.

"आबा, यमाचा कुत्रा? सिरीयसली?" अवनीने डोळे वटारले.

"ओळखी वरपर्यंत असलेल्या बऱ्या," मी म्हणालो.

पद्मजाचा विचार त्याला कात्रजच्या पलीकडे एका श्वानवसतिगृहात ठेवण्याचा होता. तेथे कुत्र्यांना आंघोळ, व्यायाम आणि दुपारची विश्रांती मिळते म्हणे. अवनीने तो हाणून पाडला. अकरा वर्षांची मुलगी आईला म्हणाली, "आबांकडेच राहील तो. आबा कधी चुकत नाहीत." हे मी शेजारच्या खोलीतून ऐकले. ऐकून समाधान झाले हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.

जाताना पद्मजाने एक छापील कागद दिला. इंग्रजीत. फिरायला नेण्याच्या वेळा, कोरड्या खाण्याचे माप, लसीची तारीख, डॉक्टरांचा फोन. "आबा, कागद पूर्ण वाचा हं. अगदी पूर्ण," अवनी खाली गाडीत बसेपर्यंत दोनदा सांगून गेली. बेचाळीस वर्षे मी संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एक पान वाचण्याचे मला काय सांगायचे!

तो कागद मी गव्हाच्या पिठाची खळ करून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर चिकटवला. चारही कोपरे बसवले, मधला फुगवटा तळहाताने काढला. कागद हलका आहे. मागची हिरवी शाई थोडी फुटून दिसते. आमोदच्या कचेरीतला पाठकोरा असावा. एवढ्या मोठ्या पगाराच्या ठिकाणीही पाठकोरे कागद वापरतात, हे पाहून बरे वाटले.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

इंदुबाई स्वयंपाकाला येतात, त्या मूळच्या लातूरकडच्या. त्यांनी दारातूनच कुत्र्याकडे पाहिले.

"आबा, आता ह्याचं पण सोवळं का काय?"

"सोवळे माझे. त्याचे फक्त स्वच्छ असणे."

"आन् खातं काय?"

मी पुडके दाखवले. कोरड्या तपकिरी गोळ्या. कशाच्या केल्या आहेत हे बारीक अक्षरांत लिहिले आहे, ते भिंग घेऊन वाचले आणि भिंग खाली ठेवले. जे लिहिले आहे ते या घरात शिजत नाही. तथापि तो त्याचा आहार आहे, दुसऱ्याच्या आहाराची निंदा करू नये; मापाने दोन वेळा घालतो. परंतु एवढ्यावर त्याला ठेवणे माझ्या बुद्धीस पटत नाही. म्हणून जोडीला फळ.

यात नवे काही नाही. जेवणापूर्वी अन्नाचा एक भाग कावळ्याला, एक गाईला, एक कुत्र्याला, हा क्रम माझ्या वडिलांपासून चालत आला आहे. आजवर कुत्र्याचा भाग मी खाली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवीत असे आणि तो बहुधा मांजर खात असे. आता ज्याचा भाग तो घरातच बसलेला आहे. धर्म इतका सोयीचा क्वचितच होतो.

आज अर्धे केळे आणि एक चिकू दिला. चिकूची बी मी स्वतः काढली, कारण ती घशात अडकते. एवढे व्यवहारज्ञान मला आहे.

"कुत्र्याला कुठं चिकू असतोय व्हय?" इंदुबाई म्हणाल्या. "ताकात भाकर कुस्करून घाला, गप खातंय."

शबलने चिकू खाल्ला आणि पाटाजवळची फरशी चाटून लख्ख केली. इंदुबाईंनी त्या फरशीवरून पुन्हा फडके फिरवले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

आज मोसमातली पहिली चांगली द्राक्षे मंडईत मिळाली. मी चव पाहण्यासाठी दुसरे द्राक्ष उचलले, तेव्हा विक्रेता म्हणाला, "आजोबा, चव पहिल्यातच कळते. दुसरं नाष्ट्याचं." पुण्यात विक्रेताही न्यायशास्त्र शिकूनच गाळ्यावर बसतो.

द्राक्षांचा नेम कै. सौ. प्रेमलाचा. आमोदच्या जन्मानंतर तिने धरला: मोसम असेतो दर गुरुवारी दत्तमहाराजांना द्राक्षांचा नैवेद्य, आणि घरात त्या वेळी जो कोणी असेल त्याला प्रसाद, कोणी वगळायचे नाही. ती गेल्यास बारा वर्षे झाली. नेम चालू आहे. अलीकडे घरात मी एकटाच असल्यामुळे प्रसाद मलाच पुरवावा लागे.

आज शबल होता. नैवेद्य दाखवून होईतो तो देवघराच्या उंबऱ्याबाहेर पुढचे पाय जुळवून बसला. आठ दिवसांत हे शिकला. माझे काही विद्यार्थी आठ वर्षांत शिकले नव्हते. त्याला चार द्राक्षे दिली. खाल्ली आणि डोळे मोठे करून पाहू लागला. ते डोळे असे की समोरच्या माणसाला आपण कृपण आहोत असे वाटावे.

इंदुबाईंना विचारले, तुमच्याकडे द्राक्षांच्या बागा आहेत, कुत्री द्राक्षे खातात का? "खात्यात की. राखणीची कुत्री खाली पडलेली खात्यात. काय होतंय त्यांना?" तेव्हा प्रश्न मिटला.

रविवार, १२ फेब्रुवारी.

सकाळी अमेरिकेहून फोन. आमोद बर्फाबद्दल बोलला. पद्मजाने लसीची तारीख विचारली. अवनी म्हणाली, "आबा, फळं देताय? लिहिलंय तसं?"

"हो, सर्व लिहिल्याबरहुकूम."

"आणि सही केलीत?"

कसली सही, असे विचारीपर्यंत आवाज तुटला. शाळेची एखादी चिठ्ठी असेल. आल्यावर करीन.

मंगळवार, १४ फेब्रुवारी. माघ वद्य प्रतिपदा, गुरुप्रतिपदा.

दत्तभक्ताला यापेक्षा मोठा दिवस थोडाच असतो. पहाटे स्नान, अभिषेक, पोथीवाचन. नैवेद्याला केशर घातलेला शिरा, त्यात मूठभर बेदाणे, आणि द्रोणभर द्राक्षे. दुपारी बारा वाजता आरती झाली तेव्हा शबल उंबऱ्याशी बसलेलाच होता.

मनात आले: दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान आहेत, ते चार वेद आहेत असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. मग आजच्या दिवशी दारातल्या श्वानाला चार दाणे देऊन उरलेले आपण खावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? द्रोण तसाच त्याच्यापुढे ठेवला. शिऱ्याचाही मोठा घास. त्याने सर्व स्वीकारले.

मला आज फार प्रसन्न वाटले. प्रेमला असती तर म्हणाली असती, "अहो, तुम्हीही काही ठेवलंत का?" नव्हते ठेवले.

सायंकाळी त्याला एकदा उलटी झाली. तुपाचा अंश अधिक झाला असावा. लंघन उत्तम. फिरायला जिना उतरला नाही; त्यालाही उपवास कळत असेल.

बुधवार, १५ फेब्रुवारी.

पहाटे उठलो तेव्हा तो उंबऱ्याशी नव्हता. मोरीच्या कोपऱ्यात, ओल्या फरशीवर, पोट टेकून पडलेला. तीन ठिकाणी उलटी. हाक मारली, शेपटी हलली नाही. "शबल" म्हटले, मग "पिक्सेल" म्हटले. त्या नावानेही नाही.

कपाटावरच्या कागदावर डॉक्टरांचा फोन होता. डॉ. नम्रता, सहकारनगर. "ताबडतोब घेऊन या," एवढेच म्हणाल्या.

कोपऱ्यावर रिक्षा होती. चालक संभाजी, नाव आत पाटीवर लिहिलेले.

"कुत्रं बसवत नाय गाडीत."

"बसवू नका. बसणार मी आहे. तो माझ्या मांडीवर निजणार आहे."

"घाण केली तर?"

"धोतर माझे आहे."

त्याने एकदा धोतराकडे पाहिले, एकदा शबलकडे, आणि गाडी सुरू केली. स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तो स्वतःहून मागे वळून म्हणाला, "श्वास चालूय ना, आजोबा?" पुढे त्याने जी रिक्षा हाकली ती वर्णन करण्यासारखी नाही. दवाखान्यापाशी "मी थांबतो" म्हणाला आणि खरोखर थांबला.

डॉक्टर पस्तिशीच्या आतल्या असाव्यात. बोलणे कापसाच्या बोळ्यासारखे: मऊ नाही, पण स्वच्छ.

"काय खाल्लं त्याने काल?"

"नैवेद्य."

"नैवेद्यात काय होतं?"

"द्राक्षे. आणि बेदाणे घातलेला शिरा."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "किती द्राक्षं?"

"द्रोणभर. वीस असतील. अधिकही."

"आजोबा, कुत्र्याला द्राक्षं विष आहेत. बेदाणे त्याहून वाईट. मूत्रपिंडं बंद पडतात."

मी म्हणालो, "प्रसाद होता."

"मूत्रपिंडाला ते कळत नाही."

मी चार द्राक्षांचा गुरुवार सांगितला, लातूरकडच्या बागा सांगितल्या. त्यांनी सुई टोचता टोचताच उत्तर दिले. काही कुत्र्यांना काहीच होत नाही. काहींना थोड्यानेही होते. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, आणि असे का होते हे अजून कोणालाच नीट माहीत नाही. "म्हणून नियम एकच. कोणालाच नाही, कधीच नाही."

रक्त तपासायला गेले. सलाईन लावले. दिवसा दवाखाना आणि रात्री घर, असा क्रम ठरला. मी आता घरी लिहीत बसलो आहे. विधी आणि निषेध यांत निषेध बलवान, आणि निषेधाचे कारण समजलेच पाहिजे असे नाही. मानणाऱ्याचे त्यात हित असते. हे मी बेचाळीस वर्षे शिकवले. आज ते मला एका मुलीने, हातात सुई धरून, परत शिकवले.

गुरुवार, १६ फेब्रुवारी.

दिवसभर दवाखान्यातल्या बाकावर. रक्तात जे दीडच्या आत असावे ते चारावर गेले आहे. "लघवी होते का, ते बघायचं," डॉक्टर म्हणाल्या. "झाली तर मूत्रपिंडं चालू आहेत. नाही झाली, तर मग मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

दोन दिवसांत एक थेंबही नाही.

मी त्याच्या पुढच्या पायाजवळ बसून जप केला. "जप चालू द्या, आजोबा," त्या जाता-येता म्हणाल्या, "फक्त नळी दाबून बसू नका." पाहिले तो खरोखर कोपर नळीवर होते.

नैवेद्य आज दुधाचा. मंडईत गेलोच नाही. अडतीस वर्षांत मोसमातला हा पहिला गुरुवार, ज्या दिवशी प्रेमलाची द्राक्षे देवापुढे नव्हती. देवाला काय वाटले ते कळले नाही. मला काय वाटले ते लिहिण्याचा धीर नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी.

झाली.

सकाळी साडेसात वाजता. दवाखान्यात नेण्यापूर्वी मी पूजेची तयारी करीत होतो. पायाला सुईची पट्टी बांधलेला तो लंगडत उठला, देवघरापाशी आला, आणि माझ्या सोवळ्याच्या पितांबरावर, जे घडी करून पाटावर ठेवले होते त्यावर, पाय किंचित उचलून भरपूर केली.

मी पितांबर उचललेसुद्धा नाही. आधी डॉक्टरांना फोन केला. "रंग कसा आहे?" त्यांनी विचारले. फिका आहे, म्हणालो. "किती?" म्हटले, अभिषेकपात्र भरेल इतकी. त्या हसल्या. तीन दिवसांत प्रथमच.

इंदुबाई आल्या, पाटाकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "आबा! हे सोवळं आता?"

"धुवा. पण घाई नाही."

"याड लागलंय या घराला," असे म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले. कांदा चिरायला अजून घेतलेला नव्हता.

रविवार, १९ फेब्रुवारी.

चारावरून अडीचवर. कालपासून भात-पाणी घेतो आहे.

अमेरिकेहून फोन आला. अवनीने विचारले, "पिक्सेल काय करतोय?" मी म्हणालो, "झोपला आहे." तो झोपलेलाच होता. "मजेत ना?" "आहे," मी म्हणालो.

फोन ठेवल्यानंतर मी अर्धा तास आधार शोधीत बसलो. सत्य बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये, हे वचन आहेच. दूरदेशी असलेल्या बालकास व्यर्थ चिंता देऊ नये, हेही शिष्टसंमत. पाडव्यापर्यंत तो ठणठणीत होईल, कोणाला काही कळणार नाही, आणि अवनीचे ते वाक्य अबाधित राहील.

मग ध्यानात आले की, आधार शोधायला बसलेला मनुष्य आधीच घसरलेला असतो. सत्याला आधाराची गरज नसते. तो माझ्यासाठी हवा होता. तिने "आबा कधी चुकत नाहीत" म्हटले तेव्हा मी ते शेजारच्या खोलीतून ऐकले आणि दुरुस्त केले नाही. चूक तेथपासून आहे.

पुढील रविवारी सांगेन.

रविवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

सांगितले.

आमोदने फोन उचलला. मी म्हणालो, अवनीला दे. तिने "हॅलो आबा" म्हणताच मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर बर्फाबद्दल विचारले असते. म्हणालो, "अवनी, माझ्या हातून मोठी चूक झाली. मी शबलला द्राक्षे दिली. तो मरणाच्या दारी जाऊन आला. आता बरा आहे. तुला मागच्या रविवारी सांगायला हवे होते, ते टाळले. ही दुसरी चूक."

पलीकडे काहीच आवाज नाही. एवढ्या लांबच्या शांततेचे पैसे कंपनी भरते की आमोद, असा विचार त्याही वेळी मनात आला; पुणेकर मेल्यावरच सुटतो.

मग ती बारीक आवाजात म्हणाली, "पण आबा, मी मागे लिहिलं होतं ना."

"कशाच्या मागे?"

"कागदाच्या. आईच्या लिस्टच्या मागे. मराठीत. तुमच्यासाठी."

नंतर पद्मजाने फोन घेतला. "बाबा, म्हणूनच मी कात्रजचं म्हणत होते." मी म्हणालो, "तुझे बरोबर होते." तिने फोन आमोदला दिला. बहुधा तिने पुढचे चार मुद्दे तयार ठेवले होते.

मी स्वयंपाकघरात गेलो. ओले फडके कपाटाच्या दारावर धरून बसलो. खळ उत्तम झाली होती; पाऊण तास लागला. एक कोपरा फाटला. शबल माझ्या पायावर हनुवटी ठेवून पाहत होता. मागची हिरवी शाई जागोजाग पसरली होती, पण अक्षर वळणदार, मी गिरवून घेतलेले. जसे आहे तसे उतरवून घेतो:

'आबांसाठी. (आईला इंग्लिश आवडतं, तुम्हाला नाही, म्हणून हे मागे.)

पिक्सेलला चालतं: सफरचंद, पण बिया आणि मधला भाग काढून. केळं अर्धंच. पपई, कलिंगड, चिकू, सगळ्याच्या बिया काढून. आंबा आला तर कोय देऊ नका, तो गिळतो.

द्राक्षं आणि बेदाणे कधीच नाही. एक पण नाही. प्रसादाचं पण नाही. देवबाप्पाला राग येणार नाही, मी विचारलंय.

तो डोळे मोठे करतो तेव्हा नाही म्हणणं कठीण असतं. मला पण जमत नाही. त्याच्याकडे न बघता नाही म्हणा.

काही समजलं नाही तर मला विचारा. मी रागावणार नाही.

पूर्ण वाचलं. आबांची सही: ________ तारीख: ________'

'प्रसादाचं पण नाही.' अकरा वर्षांच्या मुलीने देवघर, गुरुवार, द्रोण आणि आजोबा, सर्व आधी पाहून ठेवले होते. मी तिच्यासमोर पूर्ण वाचण्याच्या बढाया मारून तिचा कागद पाठकोरा ठरवला आणि दाराला चिकटवला.

पालकांनी प्रगतिपुस्तकावर उशिरा सही करून मागची तारीख घातली, तर मी ते परत पाठवीत असे. काही पालक रागावत. मी म्हणे, तारीख हा सहीचा प्राण आहे.

खाली सही केली: यज्ञेश्वर घैसास. तारीख २६ फेब्रुवारी २००६.

गुरुवार, २ मार्च.

रक्त पूर्ववत झाले. डॉ. नम्रतांनी पायाची पट्टी काढली. "मोठा चिवट आहे," म्हणाल्या. "गावठीची जात. आणि आजोबा, तुम्हीही."

आज नैवेद्याचा विचार पुन्हा केला. प्रेमलाच्या नेमाचे दोन भाग होते: द्राक्षे देवाला, आणि प्रसाद घरातल्या प्रत्येकाला. बारा वर्षे मी पहिला भाग पाळला. दुसरा पाळण्यास घरात कोणी नव्हते. आता आहे, आणि दोन्ही भाग एकदम पाळता येत नाहीत. ज्याला वाढायचे त्याची प्रकृती न पाहता वाढणे हे दान नव्हे, आपल्याच पुण्याची हाव आहे. म्हणून फळ बदलले. प्रेमलाने कोणाला वगळले नसते. द्राक्षांना खुशाल वगळले असते.

मंडईतल्या त्याच गाळ्यावर गेलो. "आजोबा, द्राक्षं आता साखर झालीत," तो म्हणाला. मी सफरचंद मागितले. "काय झालं, दात आले का पुन्हा?"

"घरात लहान मूल आहे," मी म्हणालो.

दत्तमहाराजांपुढे सफरचंद ठेवले. बिया काढून, मधला भाग काढून, फोडी करून. ज्याच्या पायाशी चार श्वान आहेत, त्याला कारण सांगावे लागले नाही. शबलने दोन फोडी खाल्ल्या आणि डोळे मोठे केले. मी देवाकडे बघत 'नाही' म्हणालो. उपाय लागू पडतो.

शनिवार, २५ मार्च.

उन्हे वाढली. कलिंगडाच्या फोडीतून एकेक बी चाकूच्या टोकाने काढतो. अर्धा तास जातो. इंदुबाई म्हणाल्या, "आबा, इतक्या येळात आख्खं स्तोत्र झालं असतं." झालेच होते. बी काढता काढता म्हटले.

पाडव्याला पाच दिवस उरले. शबलच्या वस्तू एका पिशवीत भरून ठेवल्या, म्हणजे त्या दिवशी धांदल नको. नंतर त्याचा वाडगा बाहेर काढला, कारण तो अजून लागणार आहे. मग टॉवेलही काढला. पिशवी आता रिकामी आहे, पण भरलेली होती एवढे खरे.

गुरुवार, ३० मार्च. चैत्र शुद्ध प्रतिपदा, गुढीपाडवा.

गुढी उभारली तोच जिन्यावर पावले वाजली. शबलने ती तिसऱ्या मजल्यावरून ओळखली आणि दाराला पंजे लावले. अवनी दारातून आत आली ती थेट फरशीवर बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून पाच मिनिटे तेथेच राहिली. आमोद माझ्या पाया पडला. "बाबा, आता तुमची सुटका," म्हणाला.

मी सुटकेचा अर्ज केलेला नव्हता. तसे म्हणालो नाही, सण होता.

पद्मजाने कुत्र्याची मान, डोळे, दात, सर्व तपासले. "बारीक झालाय थोडा," म्हणाली. मग पाठीवरून हात फिरवीत, "पण तकतकीत आहे," हेही म्हणाली. सूनबाईंकडून एवढे म्हणजे शाल आणि श्रीफळ.

अवनीने विचारले, "कागद कुठेय?" मी पोथीच्या बासनातून काढून दिला. तिने फाटलेला कोपरा पाहिला, सही पाहिली, तारीख पाहिली.

"सव्वीस? आबा, दोन तारीख घालायची ना. आईला कुठे कळलं असतं?"

"तुला कळले असते."

तिने कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले. "तुम्ही चुकता," ती म्हणाली. रागाने नाही, एखादी नोंद करावी तशी.

"हो. मोठ्या चुका करतो. लहान करायला सवड मिळाली नाही."

तिने दप्तरातून वही काढली, एक पान फाडले, आणि हिरव्या पेनने ओट्यावर उभ्या उभ्या लिहू लागली. मी कडुलिंब वाटीत कालवीत होतो. शबल आमच्या दोघांच्या मध्ये, अगदी बरोबर मध्ये, बसला होता. शबलची पिशवी घेऊन खाली गेलेल्या आमोदने गाडीचा भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला.

तिने कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या:

'दर गुरुवारी पिक्सेल (शबल) आबांकडे राहील. फळ आबाच देतील.

आबांची सही: ________ तारीख: ________'

मी चष्मा पुसला. दोन्ही ओळी वाचल्या. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली, कोरी होती. मग सही केली, आणि आजची तारीख घातली.